मिनिटाला बावन्न



गाण्याबजावण्यावर बोला पण नेहमीचं नको, एवढीच अट संयोजकांनी घातली होती. म्हणून आज घराण्यांवर बोलणार नाही, नाट्यसंगीतावरही नाही. एका इंग्रज संगीतकाराची एक छोटी रचना घेतली आहे. तिच्या रचनाकाराने स्वतः वाजवून घेतली तेव्हा ती तीन मिनिटांच्या आत संपली. तिच्यावर तासभर बोलायचं म्हणजे उद्धटपणा आहे, पण विलंबित ख्याल ऐकणाऱ्या मंडळींसमोर तो खपून जावा.

रचनेचं नाव 'निम्रॉड', रचनाकार एडवर्ड एल्गार. आपल्यापैकी अनेकांनी ती नाव माहीत नसताना ऐकली असेल. ब्रिटनमध्ये कुणी मोठा माणूस गेला, कुठे राष्ट्रीय दुखवटा असला की ती वाजते. लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या रस्त्यावर सेनोटाफ नावाचं युद्धस्मारक आहे. आपल्या नव्या दिल्लीचा आराखडा करणाऱ्या लट्यन्स यांनीच ते बांधलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिथे हुतात्म्यांना मानवंदना देतात, तेव्हा लष्करी बँड ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या धुना वाजवतात. हा क्रम १९३० च्या सुमारास ठरला आणि आजही जवळजवळ तसाच आहे. त्यात निम्रॉड आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगवरून ब्रिटिश निशाण उतरलं, त्या निरोपसमारंभातही निम्रॉड होता. २०१७ च्या 'डंकर्क' चित्रपटात हान्स झिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच धुन इतकी लांबवली, की ओळखीच्या माणसालाही ती ओळखायला वेळ लागतो.

तर ही शोकधुन, असं जगाने ठरवून टाकलं आहे. ती तशी लिहिलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. ती शोकधुन कशी झाली याचं उत्तर बऱ्याच अंशी लयीत आहे आणि थोडं पट्टीत आहे.

आधी जन्मकथा. २१ ऑक्टोबर १८९८ ची संध्याकाळ. एल्गार तेव्हा ४१ वर्षांचा होता. गावोगावच्या शिकवण्या करून थकायचा, आणि नाव व्हायचं तसं झालं नव्हतं. दिवसभराच्या शिकवण्या आटोपून घरी आला आणि पियानोवर बोटं फिरवत बसला. बोटांखालून एक धुन गेली. बायकोने, अॅलिसने, विचारलं, हे काय वाजवलंत? पुन्हा वाजवा. मग खेळ सुरू झाला : ही धुन आपल्या अमक्या मित्राने वाजवली असती तर कशी वाजली असती? तमक्या मैत्रिणीने? (जाता जाता सांगतो, ही अॅलिस जन्मली १८४८ मध्ये आपल्या कच्छच्या भुजमध्ये. वडील हिंदुस्थानच्या सैन्यात अधिकारी होते.) त्या खेळातून मूळ धुन आणि तिची चौदा रूपं तयार झाली. प्रत्येक रूप एका व्यक्तीचं. पहिलं अॅलिसचं, शेवटचं एल्गारचं स्वतःचं. 'एनिग्मा व्हेरिएशन्स' या नावाने ती ओळखली जातात. अर्पणपत्रिकेत एल्गारने, आत ज्यांची चित्रं आहेत त्या मित्रांना, अशा अर्थाचं वाक्य लिहिलं आहे. १९ जून १८९९ ला लंडनच्या सेंट जेम्सेस हॉलमध्ये हान्स रिख्टर या थोर संचालकाने ती पहिल्यांदा वाजवली आणि एल्गारचं नशीब पालटलं. नावातल्या 'एनिग्मा'वर, म्हणजे धुनेत काय कोडं लपलं आहे यावर, आज एक शब्दही बोलणार नाही. त्यावर बोलणाऱ्यांची सव्वाशे वर्षांत टंचाई पडलेली नाही.

चौदांतलं नववं रूप म्हणजे निम्रॉड. ते ऑगस्ट येगर या माणसाचं. येगर मूळचा ड्युसेलडॉर्फचा, तरुणपणी इंग्लंडला आला आणि नोव्हेलो या संगीतप्रकाशकांकडे नोकरीला लागला. जर्मनमध्ये येगर म्हणजे शिकारी, आणि बायबलच्या जुन्या करारातला नामांकित शिकारी म्हणजे निम्रॉड. एल्गारला असल्या कोट्यांची भारी हौस होती. येगरचं काम कारकुनीचं नव्हतं. एल्गारची हस्तलिखितं तो वाचायचा, चुका दाखवायचा, चांगलं ते उचलून धरायचा, वाईट ते तोंडावर सांगायचा. चौदाव्या रूपाचा शेवट फार आखूड झाला आहे, वाढवा, असं त्याने पहिल्या कार्यक्रमानंतर एल्गारच्या मागे लागून सांगितलं. एल्गार आधी चिडला, मग ऐकलं, आणि सुमारे शंभर आवर्तनांची भर घातली. आज आपण तोच वाढवलेला शेवट ऐकतो. आपल्याकडे असा एखादा संपादक भेटलेल्या लेखकाला येगर कोण होता हे वेगळं सांगावं लागणार नाही.

या रूपात नेमकं काय आहे, याच्या दोन साक्षी आहेत. पहिली खुद्द एल्गारची. त्याने नंतर लिहिलेल्या टिपणात म्हटलं आहे, की उन्हाळ्यातल्या एका लांबलेल्या संध्याकाळी येगर बीथोव्हेनच्या संथ रचनांविषयी भरभरून बोलला, त्या गप्पांची ही नोंद. बीथोव्हेनच्या 'पाथेतीक' या आठव्या पियानो सोनाटाच्या मधल्या संथ भागाची सावली सुरुवातीच्या आवर्तनांत पडलेली आहे, हेही त्यानेच सांगितलं. दुसरी साक्ष डोरा पेनी यांची. याच मालिकेतलं दहावं रूप या बाईंचं. त्यांनी १९३७ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एल्गार त्या काळात पार खचला होता, संगीत सोडून द्यावं असं म्हणत होता. येगरने त्याला बीथोव्हेनची आठवण करून दिली. त्याच्या हालांपुढे तुझे हाल काय, आणि तरी तो लिहीत राहिला, उलट अधिक सुंदर लिहीत राहिला, असं सांगून त्याने ती संथ धुन गाऊन दाखवली.

एका साक्षीत गप्पांची संध्याकाळ आहे, दुसरीत खचलेल्याला दिलेला आधार. दोन्हींचा रंग वेगळा, पण दोन्हींत मरण कुठेच नाही. येगर तेव्हा चांगला हिंडता-फिरता होता. तो गेला १९०९ मध्ये, क्षयाने, पन्नाशीच्या आतच. निम्रॉड त्याच्या आयुष्यात, त्याच्यासाठी, त्याला ऐकवण्यासाठी लिहिलेला आहे.

आता पट्टीकडे वळू, कारण मला या रचनेत सगळ्यात जास्त गोडी तिथे आहे.

निम्रॉडची पट्टी ई फ्लॅट मेजर. पेटीच्या भाषेत काळी दोन, आणि सगळे स्वर शुद्ध. युरोपच्या संगीतात या पट्टीला एक प्रतिष्ठा आहे. बीथोव्हेनची तिसरी सिंफनी हिच्यात, त्याचा पाचवा पियानो कन्चेर्टो हिच्यात. रुंद छातीची, भारदस्त पट्टी. पण एखादी पट्टी स्वभावतःच भारदस्त असते या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पट्टीचा अर्थ ठरतो तो तिच्या आधी आणि नंतर काय येतं त्यावरून. सकाळपासून काळी एकमध्ये गाणाऱ्याने अचानक पांढरी चार धरली तर तुम्ही कान टवकारता, ते पांढरी चारमुळे नव्हे.

मूळ धुन जी मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढरी पाच आणि कोमल स्वर. आठवं रूप विनिफ्रेड नॉर्बरी या बाईंचं. त्यांच्या जुन्या, ऐसपैस घराचं आणि मोकळ्या हसण्याचं ते चित्र. ते आहे जी मेजरमध्ये, पांढरी पाचच, पण शुद्ध स्वरांनी. ते रूप संपताना सगळी वाद्यं थांबतात आणि पहिल्या व्हायोलिनांनी धरलेला एकच स्वर उरतो. तो स्वर म्हणजे पांढरी पाच, चालू सुरावटीचा षड्ज. तो सोडायचा नाही, असं एल्गारने लिहून ठेवलं आहे. तो तसाच लांबत राहतो, आणि त्याच्याखाली बाकीची तंतुवाद्यं अगदी हलक्या आवाजात काळी दोनची सुरावट घेऊन येतात. स्वर जागचा हललेला नसतो. पण ज्या क्षणी खाली नवा षड्ज लागतो, त्या क्षणी वरचा षड्ज गांधार होऊन बसतो.

हे सांगायला युरोपात बरेच शब्द खर्च करावे लागतात. इथे बसलेल्या तुम्हा मंडळींना मूर्च्छना म्हटलं की पुरे. अर्थात ही काटेकोर मूर्च्छना नाही. मूर्च्छनेत स्वर तेच राहून षड्ज सरकतो, इथे बरेच स्वरही बदलतात. दोन्ही सुरावटींत समान असे तीनच स्वर आहेत. आधीचे सा, म, प आता ग, ध, नी होतात, बाकी चार नवे. पण कानाला जे घडतं त्याची जात तीच : पायाखालची जमीन हलते आणि हातात धरलेली वस्तू तीच असते. आणि षड्जाचा गांधार झाल्यावर काय होतं हे गाणाऱ्यांना सांगायला नको. षड्ज म्हणजे ठिय्या. गांधार कुणाच्या तरी आधाराने उभा असतो, आणि तो आधार मिळाल्याचं सुख त्याच्यात असतं. डोरा पेनींची साक्ष खरी मानली, तर मैत्रीविषयी जे सांगायचं ते एल्गारने पहिल्या मात्रेलाच सांगून टाकलं आहे.

सेनोटाफवर, अंत्यविधीत, निरोपसमारंभात निम्रॉड सुटा वाजतो. त्याच्याआधी बाईंचं हसणं नाही, धरलेला षड्ज नाही, म्हणून त्या षड्जाचा गांधार होणंही नाही. धुन शांततेतून येते आणि पहिल्यापासूनच काळी दोनमध्ये गंभीर उभी राहते. दहावं रूपही गळतं. ते डोरा पेनींचं, 'डोराबेला', पुन्हा पांढरी पाचमध्ये, हलकं, अडखळत हसणारं. या बाई किंचित तोतरं बोलत, ते एल्गारने सुषिर वाद्यांत प्रेमाने पकडलं आहे. एका हसऱ्या चित्रातून यायचं आणि दुसऱ्या हसऱ्या चित्रात जायचं, अशा जागी एल्गारने निम्रॉड बसवला. जेवताखाताना कुणी शोकसभा भरवत नाही.

मूळ धुनेचं काय केलं आहे तेही एकदा पाहून घेऊ. मूळ धुन चार मात्रांची. तिची गंमत अशी, की प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर व्हायोलिनं गप्प असतात. सम मोकळी सोडायची आणि मग उचलायचं, पुन्हा सम मोकळी, पुन्हा उचल. त्यामुळे ती धुन सतत श्वास अडकल्यासारखी, काही सांगू पाहून थांबल्यासारखी वाटते. निम्रॉडमध्ये चाराच्या तीन मात्रा झाल्या आणि ती मोकळी जागा नाहीशी झाली. धुन सरळ समेवर येते आणि सलग चालते. अडखळणाऱ्याला बोलतं केलं. मूळ धुनेतली एक ओळखीची खूण, सात स्वरांची खाली घेतलेली उडी, इथेही आहे. पण तिथे ती खचल्यासारखी वाटते, इथे विसावल्यासारखी. स्वरांचं अंतर तेच. फरक पडतो तो शुद्ध-कोमलाने आणि समेने.

इथवर लयीचं नाव काढलं नाही. आता काढतो.

छापील स्वरलेखनावर एल्गारने दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक शब्द, अदाज्यो, म्हणजे संथ. आणि एक आकडा, ५२. मिनिटाला ५२ मात्रा. एक मात्रा सव्वा सेकंदाहूनही जरा आखूड. शांत बसलेल्या माणसाच्या नाडीपेक्षा हे कमी आहे, म्हणजे संथ नक्कीच. पण तीन मात्रांचं आवर्तन साडेतीन सेकंदांच्या आत पुरं होतं, म्हणजे ठाय म्हणावं असंही नाही. अशी आवर्तनं चाळीसेक आहेत. हिशेब मांडला तर अख्खी रचना अडीच मिनिटांत संपायला हवी, मधल्या सैलावण्याला थोडी जागा दिली तर पावणेतीन.

आकडा कागदावरचा असतो, वाजवताना माणूस वेगळं करतो, अशी शंका कुणी घेईल. ती रास्त आहे. पण आपलं भाग्य असं, की एल्गार ग्रामोफोनचा शौकीन होता. १९२६ मध्ये, मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, त्याने रॉयल अल्बर्ट हॉल ऑर्केस्ट्रा हाताशी घेऊन ही सगळी रूपं एचएमव्हीसाठी मुद्रित केली. त्यातला निम्रॉड तीन मिनिटांच्या आत संपतो. तबकडीवर जागा नव्हती म्हणून घाई केली असेल? हा प्रश्न आपल्या कानांना लगेच सुचतो, कारण आपल्या जुन्या गवयांनी साडेतीन मिनिटांत अख्खा राग कोंबला तो तबकडीपायीच. पण बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार मिनिटांहून जास्त मावत असे. घाईचं कारण नव्हतं. आणि ५२ हा आकडा तर तबकडीच्या फार आधीचा, १८९९ चा.

एल्गारच्या मुद्रणाच्या दुसऱ्या टोकाला लेनर्ड बर्नस्टाइन हा संचालक. १९८२ मध्ये त्याने बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राकडून हीच रचना मुद्रित केली. निम्रॉडला पाच मिनिटांहून जास्त लागली. म्हणजे मात्रा ५२ च्या निम्म्यावर आली. स्वर तेच, वाद्यं तीच, एकही खूण बदललेली नाही. आणि ऐकणाऱ्याला मात्र दोन वेगळ्या रचना ऐकल्यासारखं वाटतं.

या दोन टोकांच्या मधे बाकीचे सगळे संचालक कुठे ना कुठे बसतात. काळ पुढे सरकत गेला तसतसे ते बर्नस्टाइनच्या बाजूला झुकत गेले. एड्रियन बोल्टसारखे, एल्गारला ओळखणारे जुने लोक तुलनेने चालत्या लयीत राहिले.

लय निम्मी केली की कानाला काय होतं? दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे तीन मोडतात. ५२ च्या लयीत तुम्हाला आवर्तन ऐकू येतं : एक मोठी मात्रा आणि तिच्या मागून येणाऱ्या दोन. त्यात एक डौल आहे, संथ चालीचा का होईना. २६ वर आणलं की आवर्तन कानातून सुटतं, सुट्या मात्रा उरतात. प्रत्येक मात्रेवर खालची हार्मनी बदलते, आणि प्रत्येक बदल आपापल्या पायावर वेगळा उभा राहतो. वाक्य संपतं, शब्द राहतात.

दुसरी गोष्ट गजाची. व्हायोलिनचा गज पाऊण मीटरच्या आसपास लांब. त्या लांबीत जेवढा स्वर मावतो तेवढा मावतो, मग हात उलटा फिरवावा लागतो. लय निम्मी झाली की त्याच वाक्याला दुप्पट गज लागतात, किंवा तेवढ्याच गजात स्वर फार पातळ काढावा लागतो. मागे बसलेल्या वादकांची खरी कसरत इथे असते. बर्नस्टाइनच्या मुद्रणात ती त्यांनी अशी पेलली आहे, की जोड कुठे दिसत नाही. वादकांना दाद द्यावी तेवढी थोडी. पण तिथे एखादं वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या श्वासात मावत नाही. आणि येगर बोलत होता, हे आपल्याला माहीत आहे.

१९२६ च्या मुद्रणात आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी आज फारसं कुणी करत नाही. व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घसरत जातात. आपण त्याला मींड म्हणू. त्या काळच्या सगळ्याच वाद्यवृंदांत ती पद्धत होती. पुढे ती जुनाट आणि भावविवश वाटू लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ पुसली गेली. मला वाटतं, लय उतरण्यामागे हेही एक कारण असावं. मींड असली की चालत्या लयीतही स्वर एकमेकांना धरून राहतात. ती काढून टाकली की गोडवा आणायला दुसरी एकच वाट उरते, ती म्हणजे प्रत्येक स्वरावर जास्त वेळ थांबणं. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

लय म्हणजे काही आकडा नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. उस्ताद अमीर खाँ झुमऱ्याची लय इतकी खाली आणत, की एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाई. जयपूरवाल्यांचं विलंबित त्याच्या मानाने चढंच. कुणाचं बरोबर, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग बर्नस्टाइनवर खटला का? याचं उत्तर असं, की अमीर खाँसाहेब लय उतरवत ती भरण्यासाठी. त्या लांबलेल्या जागेत स्वराची बढत होते, दरवेळी वेगळी. निम्रॉडमध्ये स्वर लिहिलेले आहेत. लय उतरवली की जागा मोठी होते, पण त्या जागेत नवं काही येत नाही. मग ती जागा कोण भरतं? ऐकणारा भरतो. आणि त्याच्याजवळ भरायला जे असतं तेच भरतो. सेनोटाफसमोर उभ्या राहिलेल्या माणसाजवळ आपली गेलेली माणसं असतात.

त्यामुळे शोक या रचनेत बाहेरून आला, असं मी म्हणतो, तेव्हा तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पहिल्या महायुद्धात मुलगे गमावलेल्या देशाला एक अशी धुन हवी होती, जी रडणार नाही, ओरडणार नाही, आणि कोमल स्वरांत वाकणारही नाही. शुद्ध स्वरांतली, हळू सुरू होऊन भव्य होणारी आणि चटकन आवरती घेणारी. निम्रॉड हाताशी होता. तो आधी शोकाच्या कामी लागला, आणि त्या कामाला शोभावी म्हणून त्याची लय खाली आली असावी. एकदा लय खाली आली, की नव्या पिढीच्या संचालकाला तीच मूळ वाटू लागते. त्याने ती लहानपणी अंत्यविधीतच ऐकलेली असते. मग तो सभागृहातही, आजूबाजूला सगळी हसरी चित्रं टांगलेली असताना, नववं रूप आलं की शोकसभा मांडतो.

असं झालेली ही एकच रचना नाही. गुस्ताव माहलरच्या पाचव्या सिंफनीतला 'अदाज्येत्तो' घ्या. फक्त तंतुवाद्यं आणि हार्प, एफ मेजर, पांढरी चार. माहलरचा मित्र आणि डच संचालक विलेम मेंगलबर्ग याने आपल्या प्रतीवर लिहून ठेवलं आहे, की हे माहलरने अल्माला, पुढे बायको झालेल्या मुलीला, पाठवलेलं प्रेमपत्र आहे. मेंगलबर्गने ते मुद्रित केलं, योगायोगाने १९२६ मध्येच, आणि सुमारे सात मिनिटांत वाजवलं. माहलरचा शिष्य ब्रूनो वाल्टर याला १९३८ मध्ये आठ मिनिटांहून कमी लागली. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीत बर्नस्टाइनने ते न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये वाजवलं. १९७१ मध्ये व्हिस्कॉन्टीच्या 'डेथ इन व्हेनिस' या चित्रपटात ते मृत्यूच्या सोबतीला आलं. त्यानंतर दहा, अकरा, बारा मिनिटांची मुद्रणं निघाली. प्रेमपत्राची शोकधुन झाली, तीही त्याच वाटेने. बर्नस्टाइन दोन्हीकडे भेटतो, त्याला तो बिचारा तरी काय करणार. पाश्चात्त्य संगीतात मरण दिसेल तिथे थांबून नमस्कार करायची त्याला सवयच होती, आणि तो तो नमस्कार मनापासून करी.

रचनाकाराची लय म्हणजे शेवटचा शब्द असंही मी मानत नाही. एल्गार स्वतः संचालन करताना आपल्याच खुणा कितीदा तरी ओलांडतो, पुढे धावतो, मागे ओढतो. १९२६ चा निम्रॉडही घड्याळ लावल्यासारखा ५२ वर चालत नाही. पण तो ज्या लयीभोवती सैलावतो ती लय बोलण्याची आहे. तिच्यात राहून संचालकाने हवं ते करावं. तिच्या निम्म्यावर गेला की तो दुसऱ्या रचनेत गेला. ती रचना सुंदर असू शकते, पण तिच्यात येगर नाही.

माझ्या बाजूने एक साक्षीदार मात्र असा आहे, ज्याची उलटतपासणी करता येत नाही : खुद्द चौदावं रूप. ते एल्गारचं आत्मचित्र, जोमदार, छाती पुढे काढून चालणारं. त्यात दोनच जुनी माणसं परत येतात, अॅलिस आणि निम्रॉड. माझ्या आयुष्यावर आणि कलेवर ज्या दोघांचा सर्वांत मोठा परिणाम झाला ती ही, असं त्याने लिहिलं आहे. निम्रॉडची धुन तिथे येते ती चढ्या लयीत, भरल्या वाद्यवृंदात, विजयाच्या थाटात. ज्या रूपाला एल्गार शोक मानत असता, ते त्याने तिथे मिरवणुकीत नाचवलं नसतं. बर्नस्टाइनच्या लयीत नववं रूप ऐकल्यावर चौदाव्यात ते परत आलेलं ओळखूच येत नाही. एल्गारच्या लयीत ते पहिल्या दोन आवर्तनांतच ओळखू येतं.

शेवटी निम्रॉडच्या शेवटाबद्दल. ही रचना आरंभी जेमतेम ऐकू येते. हळूहळू सुषिर वाद्यं येतात, मग पितळी वाद्यं आणि नगारे, आणि अखेरीस अख्खा वाद्यवृंद पूर्ण आवाजात उभा राहतो. त्यानंतर अगदी मोजक्या आवर्तनांत सगळं खाली उतरतं आणि रचना संपते. संथ वाजवणारे संचालक या उतारावर रेंगाळतात. श्रोत्यांना टाळ्यांऐवजी शांतता पाळावीशी वाटावी, इतके रेंगाळतात. एल्गारच्या मुद्रणात हा उतार पटकन होतो. भावना दाटून आलेली लोकांनी पाहू नये म्हणून माणूस विषय बदलतो, तसं. आणि खरोखरच विषय बदलतो, कारण लगेच डोराबेला येते.

आता संयोजकांनी आणलेल्या यंत्रावर दोन्ही मुद्रणं ऐकू या. आधी १९८२ चं, कारण तुमच्या कानात निम्रॉड म्हणून बहुधा तेच बसलेलं आहे. मग १९२६ चं. खरखर आहे, तिच्याकडे काही क्षण दुर्लक्ष करा. हे दुसरं मी आठव्या रूपाच्या शेवटापासून लावणार आहे, धरलेला षड्ज ऐकू यावा म्हणून, आणि निम्रॉड संपल्यावर बंद करणार नाही. दहावं रूप पुरं वाजू द्यायचं आहे. प्रश्न त्यानंतर घेऊ.